कोरडी राहिलेली ओटी

हे गेल्यापासून मी देवापुढे हात जोडत होते, पण मागणं काही उरलं नव्हतं. माझ्या मोठ्या आजारपणात हे खाडीपलीकडच्या देवीला नवस बोलले होते, ही बरी झाली की दोघं होडीने येऊन ओटी भरू. मी ठणठणीत बरी झाले आणि हेच गेले. हा कसला न्याय, म्हणून मी देवीवर रुसले होते. शेवटी कामोठ्याच्या आमच्या सोसायटीची सहल त्या बाजूला निघाली, तेव्हा निदान ह्यांचा नवस तरी फेडावा म्हणून खण-नारळ घेऊन मीही निघाले.

होडी चालवणारा तांडेल सगळ्यांना लाइफ जॅकेट वाटत होता. मी नको म्हटलं. ओटी खाली ठेवायची नसते, हात मोकळे नाहीत, हे निमित्त सोयीचं होतं. खरं सांगते, बुडाले तर बुडाले, निदान ह्यांची भेट तरी होईल, असंच मनात होतं. शेजारी उरणची एक मुसलमान बाई लेकीकडे निघाली होती. "बाजी, द्या इकडं. खाली नाय ठेवत मी," असं थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणत तिने ओटी आपल्या ओढणीत बांधून मांडीवर घेतली आणि मला जॅकेट घातलं. पट्टा ओढून तिने विचारलं, "घट्ट नाय ना होत?" स्कूटरवर बसण्याआधी माझ्या हेल्मेटचा पट्टा लावताना हेही नेमकं हेच विचारायचे. माझे डोळे भरून आले. किती दिवसांत मला कुणी असं काही विचारलं नव्हतं.

पलीकडे देवळाचा कळस दिसला आणि सवयीने मी हात जोडून उभी राहिले. तांडेल "बसा, बसा!" ओरडेपर्यंत होडी हेलकावली नि मी पाण्यात पडले. नाकातोंडात खारं पाणी गेलं. मग जॅकेटने मला काखेत धरून वर आणलं. ह्यांना भेटायला निघालेली मी, पण जॅकेटला लटकलेली शिट्टी जिवाच्या आकांताने फुंकत होते. तांडेलाने दोरी बांधलेली रिंग टाकली आणि मला ओढून घेतलं.

ती बाई ओटी छातीशी धरून रडत होती. "म्हटलं होतं ना, खाली नाय ठेवणार," एवढंच म्हणाली. ओटी कोरडी होती.

ओल्या साडीनेच मी देवीपुढे उभी राहिले. ह्यांची आठवण आजही तितकीच येते, संध्याकाळी खाली स्कूटर थांबली की नजर दाराकडे जाते. पण रुसवा राहिला नाही. शरण जाणं म्हणजे जिवावर उदार होणं, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी देवीने कुणाच्या तरी हातांनी माझा पट्टा बांधला, मी फक्त बांधू दिला. ओटी भरली, डोकं टेकवलं आणि खूप दिवसांनी काहीतरी मागितलं. म्हटलं, आई, परतीच्या होडीतही मला सांभाळ.