बाळंतिणीचा पहिला चहा

"आधी हात धुवा, मग बोला," म्हणत मेट्रनबाई समोरच्याला बेसिनकडे पिटाळायच्या. मग तो ट्रस्टी असो की माझ्यासारखा खाटा बनवणारा. तुम्ही गेला असता तर तुम्हीही मुकाट्यानं धुतले असते.

चिंचवडच्या त्या लहानशा दवाखान्यातल्या लोखंडी खाटा माझ्या वेल्डिंगच्या दुकानातल्या. घासाघीस करताना माझा आवाज चढायचा. "ओरडू नका, आत बाळंतीण आहे," एवढंच त्या म्हणायच्या आणि माझा भाव खाली यायचा.

त्यांच्या वॉर्डात एक रिवाज होता. जिनं बाळंतपण केलं, तिनंच बाळंतिणीला पहिला चहा द्यायचा. गावोगावी नाळ कापायला जिला बोलावत, तिच्या हातचं पाणी मात्र चालत नसे. बाईंना ते खपत नव्हतं.

माझी मुलगी नसीम नर्सिंग शिकून त्यांच्याच हाताखाली लागली. एकदा तिनं चाकणकडच्या एका शेतकऱ्याच्या सुनेचं अवघड बाळंतपण सुखरूप केलं. चहा घेऊन गेली, तर सासू आडवी आली. "पोरगी गुणाची हाय, पण मुसलमानाच्या हातचा च्या आमी घेत न्हाई."

बोभाटा झाला. ट्रस्टी धावत आले. "बाई, नसीमला धुण्याकडे लावा. गावंच्या गावं पाठ फिरवतील."

मी खाट घेऊन दारातच उभा होतो. डोकं भडकलं. माझ्या खाटा चालतात आणि माझी पोरगी चालत नाही? मी तोंड उघडणार, तोच बाई म्हणाल्या, "नसीम गेली तर मीही जाते. पुढचं बाळंतपण तुम्ही करा. आधी हात धुवा."

तेवढ्यात खाटेवरून सून म्हणाली, "आत्याबाई, माझं बाळ तिनं आधी धरलं, मग तुमी. आना तो च्या हिकडं, निवतोय."

तिनं कप रिकामा केला. सासू भिंतीकडं तोंड करून बसली. नसीम बाळंतपणाच्या खोलीतच राहिली.

पुढं तेच ट्रस्टी भाषणांत सांगू लागले, "आमच्या दवाखान्यात भेदभाव नाही." बाईंचं नाव कुणाच्या तोंडी नाही. तो राग माझ्या पोटात अजून आहे.

बाई निवृत्त होऊन गावी निघाल्या, तेव्हा त्यांची ट्रंक मी एसटीच्या टपावर चढवली. ट्रस्टींपैकी कुणी फिरकलं नाही. नसीम तेवढी पांढऱ्या साडीतच धावत आली आणि खिडकीतला त्यांचा हात धरून रडू लागली.

"वॉर्डात कोण आहे?" बाईंनी विचारलं.

नसीमनं मान वळवून दवाखान्याच्या दिशेनं बघितलं.

"एकीला कळा सुरू झाल्यात ना? मग इथं काय करतेस? जा!"

नसीम डोळे पुसत धावत सुटली. बाई खिडकीतून मान बाहेर काढून तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. गाडी सुटली, वळली, तरी माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. मी हात हलवत उभा होतो.