अप्पांनी वेगळा ठेवायला सांगितलेला कप

आज दुपारी पेणहून माझा मित्र आमच्या रोह्याच्या घरी चहाला आला होता. तो गे आहे आणि ते लपवत नाही.

तो गेल्यावर अप्पा, माझे वडील, आईला म्हणाले, "त्याचा कप आपल्यात ठेवू नको गो."

हेच अप्पा लहानपणी हॉटेलाबाहेर, आमच्या जातीसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपातून चहा प्यायलेत. ते सांगताना आजही त्यांचा आवाज चढतो.

मी म्हटलं, "अप्पा, हे तेच नाय का?"

"ते वेगळं. आमी जन्मानंच तसे होतो."

'मीपण, अप्पा.' ओठांवर आलं, पण मी मित्राचा कप विसळायला घेतला.

संध्याकाळी आईने मला घरच्या कपात चहा दिला. ज्यांनी आपण गे असल्याचं घरी सांगितलंय त्यांनी सांगा, दुसऱ्या दिवशी चहा कुठल्या कपात मिळाला?