रस्मिय्याच्या ओट्याचा दगड

“ते लिंबू आधी पिशवीत टाक, यम्मा!”

“का टाकू? चोरीचं आहे का?”

“लोक बघतायत.”

“बघू देत की. ओटा काय लोकांच्या घरी बसवायचाय?”

“अगं, दगड घ्यायला कुणी लिंबू घेऊन येतं का? मगाचच्या त्या आवारातून अक्षरशः हाकललं आपल्याला!”

“हाकललं, कारण त्याचा संगमरवर लिंबाला घाबरला. दगड लिंबाला घाबरला, मालक मला घाबरला. तू कुणाला घाबरतेस ते सांग.”

हनीननं कपाळावर हात मारून घेतला. तिच्या आईनं तोवर लिंबाची फोड काळ्या ग्रॅनाईटच्या लादीवर पालथी घातली होती, बोटानं दाबली होती आणि कान खाली नेला होता. जसं काही दगडाच्या आत कुणी बोलत होतं आणि तिला ते चोरून ऐकायचं होतं.

“बुडबुडे नाहीत,” ती म्हणाली. “डाग नाही. हा शहाणा दगड आहे.”

आवाराचा मालक अबू शिहाब लांबून हसला. खलील शहराच्या वाटेवरच्या या गावात प्रत्येक घराचं पोट दगडावर चालतं, पण दगडाची अशी उलटतपासणी घेणारी रस्मिय्या एकटीच. थोरल्या मुलाच्या नावावरून गाव तिला उम्म वज्दी, वज्दीची आई, म्हणायचं.

हट्टही उगाच नव्हता. लग्न झालं तेव्हा नवऱ्यानं स्वतःच्या हातानं तिला सिमेंटचा ओटा घालून दिला होता. पहिल्याच हिवाळ्यात त्याला फट गेली. त्या फटीत मुंग्यांनी संसार थाटला, तिचं चांदीचं एक कानातलं त्यात गेलं ते गेलंच. नवराही पुढं वारला, फट मात्र दरवर्षी वाढत राहिली. त्याच ओट्यावर तिनं अर्ध्या गावाच्या लग्नांतली दवाली वळली. द्राक्षाच्या पानात तांदूळ, मटणाचा खिमा, आणि गुंडाळी अशी की करंगळीहून जाड नाही. सगळ्यावर लिंबू पिळायचं, म्हणून ओट्याचा दगड लिंबाला पुरून उरणारा हवा, बस्स, एवढंच तिचं म्हणणं.

पानं तिच्या वडिलांच्या डोंगरावरची. बुत्मची घळ म्हणत त्या जागेला, मधोमध एक म्हातारं बुत्मचं, रानपिस्त्याचं, झाड होतं म्हणून. खाली द्राक्षाचे वेल, झाडापाशी पावसाच्या पाण्याचं टाकं. वडील गेले तेव्हा मागं दोघंच, ती आणि धाकटा भाऊ नायफ. आता अशा वेळी बहिणीनं काय करायचं असतं हे तिकडे कुणाला सांगावं लागत नाही. भाऊ काहीतरी देतो, घरातले वडीलधारे बसतात, बहीण त्यांच्यासमोर म्हणते ‘मी राजी आहे’, आणि जमीन भावाची होते. रस्मिय्याच्या आईचा वाटा असा एका बांगडीत मिटला होता. मावशीचा एका कपडे धुण्याच्या यंत्रात. ते यंत्र पुढं बंद पडलं, पण मावशीनं मरेपर्यंत घराबाहेर काढू दिलं नाही. त्यावर चादर घालून ती बसायची. “माझ्या ऑलिव्हच्या बागेत बसलेय,” म्हणायची आणि हसायची. तिच्या त्या हसण्याची रस्मिय्याला लहानपणी भीती वाटायची.

नायफनं दोनदा विषय काढला होता. दोन्ही वेळा तिनं त्याच्या ताटात अजून चार दवाली वाढून सांगितलं होतं, “डोंगर आहे तिथं राहू दे. मला वाटा विकायचा नाही, सोडायचाही नाही. वर जाऊन पानं खुडायची आहेत, एवढंच.”

यंदा मात्र गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि वर जाणं राहिलं. पण नायफ किती चांगला निघाला! सबंध वसंतात पिशव्या भरभरून पानं दारात आणून द्यायचा. “तू चढू नकोस. मी आहे ना?” पानं जरा जाड होती, लवही जास्त होती. पाऊस कमी झाला असेल, असं म्हणून तिनं त्याला मनापासून दुआ दिली होती.

आणि गेल्या आठवड्यात तो स्वयंपाकघरात आला, फटीत बोट घालून म्हणाला, “पुरे झालं हे. नवा ओटा माझ्याकडून. तुला आवडेल तो दगड.” रस्मिय्या त्या रात्री रडली होती. आनंदानं.

“झाला का पसंत?” नायफनं शेडखालून हाक मारली. तो एकटा आला नव्हता. घरातले सगळ्यांत वडील हज जिब्रील काठी घेऊन बसले होते, शेजारी आणखी एक चुलते. सगळ्यांसमोर अबू शिहाबनं ठेवलेली कॉफी.

“हज, तुम्हीसुद्धा माझा ओटा बघायला आलात?” रस्मिय्या लाजून हसली. “मी मेल्यावर एवढी माणसं आली तरी पुष्कळ!”

“शुभ बोल, बाई. काहीतरीच काय बोलतेस,” हज म्हणाले.

“आणि कॉफी का घेत नाही? अबू शिहाबनं वेलची घातली नाही वाटतं?”

कुणी हसलं नाही. तिनं तेव्हा लक्ष दिलं नाही. अबू शिहाब काळ्या लादीवर खडूनं ‘उम्म वज्दी’ असं लिहीत होता आणि आपलं नाव दगडावर चढताना बघण्यात ती गुंग होती.

“चला मग,” नायफ घाईनं म्हणाला. “ये, बस इथं.”

“आले. मागच्या लाद्यांवरून एक नजर टाकते.”

“मागं काही नाही गं! चुरा आहे सगळा.”

“चुराही बघते. रोज रोज कोण मला दगड घेऊन देतंय?”

“यम्मा, चल ना,” हनीन कुरकुरली, पण पाठोपाठ गेलीच.

करवतीच्या पलीकडे, पाणी निथळत असलेल्या नव्या कापलेल्या लाद्या उभ्या होत्या. गुलाबी. पावाच्या आतल्या बाजूसारखा मऊ दिसणारा दगड, आणि मधून गडद पिवळ्या रंगाची एक पट्टी. पट्टीच्या कडेनं नखाएवढे शिंपले, दगडात रुतलेले.

रस्मिय्या थांबली.

या पट्टीवर लहानपणी तिचे कोपर टेकलेले होते. टाक्याच्या तोंडाला हाच दगड होता. दोरानं खाचा पडलेल्या त्या दगडावर पोटावर ओणवं होऊन ती आत हाका मारायची, आणि पाणी तिचं नाव परत पाठवायचं. तिनं शिंपल्यांवर बोट फिरवलं. असा दगड दुसरीकडे असेलही, तिनं स्वतःला समजावलं. डोंगर काय एकच आहे?

“अबू शिहाब! ही कुठली खाण?”

“अहो, मलाच काय विचारता?” अबू शिहाब हात पुसत आला, खुशीत. “तुमचीच की! बुत्मच्या घळीतला माल. मऊ आहे, ओट्याला चालणार नाही, पण घराच्या दर्शनी भिंतीला काय शोभतो! नायफ बोलला नाही?”

“आमच्याकडे खाण नाही,” रस्मिय्या म्हणाली.

“नव्हती. हिवाळा सरताच यंत्र चढलं ना वर.”

हनीननं आईचा दंड धरला.

“बुत्म?” रस्मिय्यानं विचारलं.

“काय?”

“झाड. तिथं झाड आहे.”

अबू शिहाबच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं एकदा शेडकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. “उम्म वज्दी,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “यंत्राला वाट त्याच बाजूनं होती.”

करवत चालूच होती. तिला ती ऐकू येत नव्हती. तिला दिसत होता तो फक्त स्वतःचा हात, ओल्या दगडावर ठेवलेला, आणि दुसऱ्या हातात लिंबाची फोड. सवयीनंच तिनं ती फोड गुलाबी दगडाला लावली. दगड लगेच फसफसला. बारीक पांढरे बुडबुडे, दूध उतू जाताना येतात तसे. चमक गेली, डाग उमटला.

“यम्मा,” हनीन म्हणाली, “यम्मा, बोल काहीतरी.”

ती वळली आणि शेडकडे निघाली. तिचा दुखरा गुडघा त्या क्षणी दुखत नव्हता, काहीच दुखत नव्हतं. मेजापाशी येऊन तिनं पहिल्यांदा नीट पाहिलं ते कपांकडे. तिन्ही काठोकाठ भरलेले. कॉफीची वाफ केव्हाच विरलेली. मागणी घेऊन आलेला माणूस मागणी मान्य होईस्तोवर कप उचलत नाही. मुलगी मागायला येतात तेव्हा असंच, खुनाचा समेट करायला येतात तेव्हाही असंच. ही माणसं ओटा बघायला आली नव्हती. ओटा हेच तिचं कपडे धुण्याचं यंत्र होतं.

“ये पोरी,” हज जिब्रील प्रेमानं म्हणाले. त्यांना काही ठाऊक नसावं, किंवा फारच ठाऊक असावं. “दगड पसंत पडला म्हणे. भाऊ असावा तर असा. आता आमच्यासमोर एक शब्द बोल, म्हणजे आम्हीही घोट घेतो. वडिलांच्या जमिनीत तुझं काही मागणं उरलं नाही, भावावर तू राजी आहेस. आहेस ना?”

रस्मिय्या नायफकडे बघत होती. “पानं कुठून आणत होतास?”

“काय?”

“वसंतात. पिशव्या भरून. कुठून?”

नायफनं कप थोडा पुढं सरकवला, पुन्हा मागं घेतला. “बाजारातून,” तो म्हणाला.

“खालो!” हनीन मामावर ओरडली.

“अरे, मग काय करणार होतो? हिचा गुडघा असा! वर कोण चढणार होतं? चार वेल आणि एक वाळकं झाड, बाकी सगळा दगडच तर होता!”

“मी तुला दुआ देत होते,” रस्मिय्या म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा इतका. “रोज, गुंडाळी करताना.”

“मग आताही दे ना! ओटा देतोय की मी. हवा तो दगड घे, वर मोरी घे, नळ घे. पण हजना असं ताटकळत ठेवू नकोस. एक शब्द आहे गं. काय जातं तुझं?”

हज जिब्रीलनी काठी जमिनीवर हलकेच टेकवली. “बोल, पोरी. कॉफी गार झाली.”

रस्मिय्यानं आपली पिशवी खांद्याला लावली. काळ्या लादीपाशी ती क्षणभर थांबली. तळहातानं खडूचं नाव पुसलं. ‘उम्म’ गेलं, ‘वज्दी’ अर्धवट राहिलं, तर तिनं बाही ओढून तेही पुसलं.

“रस्मिय्या!” नायफ उठून उभा राहिला. “उत्तर तरी दे!”

ती लाद्यांच्या मधल्या ओल्या वाटेनं फाटकाकडे चालत गेली, बाहेर पडली, आणि गावाकडे न वळता डोंगराच्या रस्त्याला लागली.