उभ्यानं खाल्लेलं

माझे गुडघे गेले. दोन्ही. बीडच्या हाडाच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "आजी, मधली गादी झिजली. हाडावर हाड घासतंय. बदलावे लागतील."

मी म्हटलं, "बदला."

"आधी वजन उतरवा. ब्याऐंशी किलो आहे. पंच्याहत्तरच्या खाली आलात की तारीख देतो."

ऑपरेशनची मला भीती नव्हती. भीती होती संडासची. आमच्या घरी खाली बसायचा संडास. मला बसता यायचं, उठता यायचं नाही. दिवाळीच्या आसपास एकदा अशी अडकले की सुनेला हाक मारावी लागली. तिनं काखेत हात घालून मला उभं केलं, लुगडं सारखं केलं आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही याचाच मला जास्त राग आला. त्या दिवसापासून कडी लावायची बंद झाली. ती दाराबाहेर उभी राहायची आणि विचारायची, "झालं का, आत्या?" सत्तरी ओलांडलेल्या बाईला हे रोज ऐकावं लागतं. कडी लावून एकटीनं बसता यावं, यापलीकडं मला काही नको होतं. त्यासाठी सात किलो उतरवायचे होते.

दवाखान्यात आहार सांगणारी एक पोरगी होती. तिनं एक छापील कागद दिला आणि दिवसाला बाराशे कॅलरी खायच्या म्हणून सांगितलं.

"कॅलरी म्हंजी काय?"

"खाल्ल्यातून अंगाला ताकद मिळते ना आजी, तिचं माप."

"मग ती कमी कावून करायची? ताकद तर आदीच न्हाई."

पोरगी हसली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

कागदावर इडली होती, उपमा होता, दोन-तीन जातीचे पाव होते. येसराची आमटी नव्हती, धपाटं नव्हतं, शेंगाची चटणी नव्हती. भाकरी मात्र होती. एका भाकरीला शंभराच्या आसपास कॅलरी लिहिल्या होत्या. मी मनात हिशेब केला. शिक्षण चौथीपर्यंत असलं तरी पाढे पक्के आहेत. सकाळी दोन, संध्याकाळी दोन भाकरी, त्याचे चारशे. आमटी, भाजी, दोन चहा धरले तरी बाराशेला पुष्कळ जागा राहत होती. उलट मी कमीच खाते असं निघालं. मला बरं वाटलं. सुनेला म्हटलं, "एक वही आण. रोजचं लिहिते."

सून गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. लेकरांची वजनं घ्यायची, तक्ता भरायचा, कोणतं लेकरू कमी भरतंय ते बघून त्याच्या घरी जायचं, हे तिचं काम. कमी वजनाच्या मागं आयुष्यभर धावलेली बाई, आणि घरात मी. तिनं कागद वाचला, माझ्या टोपल्यातली भाकरी उचलून हातावर तोलली आणि म्हणाली, "आत्या, ही भाकरी त्या कागदातली न्हाई."

"भाकरी ती भाकरीच."

"त्यात तीस ग्रॅम पिठाची लिवलीय. चला दुकानात."

दिंद्रुडच्या रस्त्याला किराणा दुकान आहे, तिथं बारीक मापाचा काटा. सुनेनं भाकरी फडक्यातून काढून काट्यावर ठेवली. दुकानदार बघतच राहिला.

"मावशी, भाकरी इकायला काढली का काय?"

"तुला परवडायची न्हाई," मी म्हटलं. "वजन सांग."

पावणेदोनशे ग्रॅम भरली. पाणी वजा केलं तरी माझ्या एका भाकरीत कागदावरच्या तीन भाकऱ्या बसत होत्या. म्हणजे भाकरीतच बाराशे संपले. आमटी कशात घालायची? मी दुकानदाराच्या काट्यातच खोट आहे असं सांगून बघितलं. तो म्हणाला, "मग साखर घेताना कवा बोलला न्हाईत."

तेव्हापासून दोन वेळेला एक-एक भाकरी. वही अंगणवाडीतलीच, कडेला लाल रेघ असलेली. रोज ताटावरून उठले की मी पेन्सिलनं लिहायची. भाकरी एक, आमटी एक वाटी, मेथी, मिरचीचा ठेचा. ठेच्याला किती धरायचं ते कळेना, म्हणून मी काही धरलं नाही. माझं अक्षर चौथीतच थांबलेलं आहे, पण वही नेटकी होती. बाराशेच्या वर एकही दिवस गेला नाही. कधी कधी हजारच भरायचे. तेव्हा मी सुनेला वही दाखवायची आणि ती मान हलवायची.

महिन्याच्या वजनाच्या दिवशी मी अंगणवाडीत गेले. मोठ्या माणसांचा काटा गरोदर बायांसाठी असतो. चार-पाच पोरी ओळीत उभ्या होत्या, त्यांच्या मागं काठी टेकत मी. एक जण वळून म्हणाली, "मावशी, कितवा?"

"पाचवा," मी म्हटलं. "पण हा बाहेर यायचं नाव घेईना."

सगळ्या हसल्या. सून मला सोडून सगळ्यांना सांगत होती, वजन वाढलं पाहिजे, दोन घास जास्त खा. मग माझी पाळी आली. मी चपला काढल्या, काठी बाजूला ठेवली, श्वाससुद्धा सोडून दिला. काटा साडेब्याऐंशीवर थांबला.

वाढलं होतं. उपाशी राहून अर्धा किलो वाढलं होतं. पोरी माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या.

घरी आल्यावर भांडण झालं. सून म्हणाली, "आत्या, तुमी चोरून खाताय."

"मी? वही बघ."

"वही बघितली. वहीत तुमी लई शहाण्या हाव."

मी वही फेकली. ती नेमकी पाण्याच्या बादलीत पडली, मग मीच काढून वाळत घातली. संध्याकाळी मुलगा गावातून आला, त्यालाही मी सुनेचं सांगितलं. तो म्हणाला, "तुमचं तुमी बघा," आणि जेवायला बसला. मुलांचं असंच असतं.

रविवारी अंगणवाडीला सुट्टी. सकाळी उठले तर सून हातात कोरा कागद आणि पेन घेऊन चुलीजवळ उभी. म्हणाली, "मी काई बोलत न्हाई. तुमी तुमचं करा."

मी माझं केलं. दुधाचं पातेलं घासायला टाकायच्या आधी कडेची साय बोटानं निपटून तोंडात घातली. तिनं लिहिलं. पहिली भाकरी तव्यावर मोडली. मोडकी कुणाच्या ताटात वाढायची म्हणून चटणी लावून मीच खाल्ली, उभ्यानंच. तिनं लिहिलं. पिठलं काढलेल्या कढईची खरवड उलथन्यानं काढली. तिनं लिहिलं. मुलगा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठला. ती हातात घेऊनच मी अंगण झाडून काढलं. अंगण झालं तेव्हा भाकरी नव्हती. शेंगा निवडायला बसले, म्हणजे भिंतीला टेकून उभीच होते. शंभरात वीस शेंगा कुठं जातात ते मला त्या दिवशी कळलं. दुपारी कालचा भात उरला होता, त्याला फोडणी घातली आणि तिथंच संपवला. रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर भांडी रिकामी करताना आमटीच्या तळाशी राहिलेली वाटीभर आमटी मी तशीच तोंडाला लावली.

तिनं बेरीज केली आणि कागद माझ्यासमोर धरला. ताटातलं अकराशे. उभ्यानं खाल्लेलं तेराशे.

"हे काय खानं हाय का?" मी म्हटलं. "हे तर संपवनं हाय. टाकून द्यायचं का अन्न?"

"पोटाला काय म्हाईत आत्या, खाल्लं का संपवलं?"

मी तो कागद घडी घालून वहीत ठेवला.

खरं म्हणजे मी चोरून खात नव्हते. मला ते खाणं आहे हेच माहीत नव्हतं. बसून, ताट वाढून घेतलं तर ते जेवण. बाकी सगळं काम. तरुणपणी आम्ही नवराबायको बारा-पंधरा वर्षं कारखान्यावर ऊस तोडायला जायचो. पहाटे भाकरी थापता थापता एक घास, मोळ्या बांधता बांधता एक घास, गाडी भरून गेली की उरलंसुरलं. बाया ताट घेऊन बसल्यात असं तिथं मी बघितलं नाही. हे मी कुणाला कीव यावी म्हणून सांगत नाही. तेव्हा मी पाप्याचं पितर होते, आणि खाण्याची ती रीत तेव्हा बरोबर होती. ऊस सुटला, रीत सुटली नाही. दिवसभर मोळ्या उचलणाऱ्या बाईची भूक मी खुर्चीवर बसणाऱ्या बाईला घातली आणि वर वही नेटकी ठेवली.

सुनेनं नियम केला. तोंडात जे जाईल ते ताटलीत घ्यायचं, खुर्चीवर बसून खायचं आणि लिहायचं. शेंगदाणा एक असला तरी.

मला वाटलं सोपं आहे. पण गुडघे असे की खुर्चीत बसायला एक हाय म्हणायची आणि उठायला तीन. कढईची खरवड ताटलीत काढायची, खुर्चीपर्यंत चालायचं, बसायचं, खायचं, उठायचं, मग वही शोधायची. चार दिवसांत मी म्हटलं, मरू दे ती खरवड. लोक म्हणतात मनाचा निग्रह लागतो. माझं वजन निग्रहानं उतरलं नाही, कंटाळ्यानं उतरलं.

उरलेलं सगळं शेजारणीच्या शेळीला जायला लागलं. महिन्याभरात शेळीचं पोट दोन्ही बाजूंनी सुटलं. शेजारीण म्हणाली, "गाभन हाय वाटतं." मी म्हटलं, "असंल." नंतर ती गाभण नाही असं निघालं.

चहाचं तेवढं जमलं नाही. मी पाच घरी जाते, पाच घरी चहा होतो. चार घरी मी बिनसाखरेचा सांगायला शिकले. पाचवं घर गावातल्या जुन्या जमीनदारांचं. तिथली म्हातारी माझ्याच वयाची आहे, तिचेही गुडघे गेलेत, म्हणून आमचं बोलणं जमतं. त्या घरात माझ्या सासूला चहा वेगळ्या कपात मिळायचा. कप वळचणीला खोचलेला असायचा, तो आपणच काढायचा, आपणच विसळून परत खोचायचा. आम्ही बौद्ध झालो तरी तो कप बरीच वर्षं तिथंच होता. आता मला त्याच घरात खुर्ची देतात आणि फुलांच्या कपबशीत चहा येतो. तो मी नको म्हणू? मी तो साखरेसकट पिते, आणि बशीत ओतून सगळा पिते. सुनेला सांगितलं, याच्या कॅलरी लाव, पण बोलू नको. तिनं लावल्या.

दुसऱ्या महिन्यात काटा एक्क्याऐंशीवर आला. मग एकोणऐंशी. मध्ये एका लग्नात मी बुंदी खाल्ली, बसून, ताटात घेऊन, आणि सगळी लिहिली. लिहिल्यानं ती कमी झाली नाही. उन्हाळा संपता संपता शहात्तर झालं आणि तिथंच अडलं. तीन आठवडे ढिम्म. मी चिडून सुनेच्या तक्त्यात माझं नाव लिहायला सांगितलं, कमी वजनाच्या लेकरांत. ती म्हणाली, "आत्या, नोकरी जाईल माझी."

शेवटी डॉक्टरांच्या काट्यावर उभी राहिले तेव्हा चौऱ्याहत्तर किलो आठशे भरले. मी डॉक्टरांना म्हटलं, "लुगड्याचं वजन वेगळं धरा." ते म्हणाले, गरज नाही, आणि त्यांनी तारीख दिली.

एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुखलं. ते लिहिण्यासारखं नाही, ज्यांचं झालंय त्यांना माहीत आहे. घरी सोडायच्या आधी डॉक्टर म्हणाले, "आजी, आता मांडी घालायची नाही, खाली उकिडवं बसायचं नाही. संडासला खुर्चीसारखा कमोड लागेल. कायमचा."

खाली बसून एकटीनं उठता यावं म्हणून मी सहा महिने खरवड सोडली, साय सोडली, दुसऱ्याची शेळी फुगवली. आणि आता हा माणूस म्हणतो, बसायचंच नाही.

"हे आदी सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

"तर तुम्ही वजन उतरवलं असतं का?"

मी विचार केला. "न्हाई," म्हटलं. "कमोडच बसवला असता."

सून तोंडाला पदर लावून हसत होती. मुलगा घरी गेला आणि त्यानं मी यायच्या आत कमोड बसवून घेतला. पांढरा आहे, गार लागतो.

पहिल्या दिवशी मी वॉकर घेऊन गेले. सून मागं आली. मी आत गेले, वळले, दार लोटलं आणि कडी घातली.

"आत्या, कडी लावू नका! पडलात तर आमी येनार कसं?"

"पडले तर सांगते."

"कडी काढा म्हनते ना मी."

"जा तू. तुझी लेकरं खोळंबली असतील वजनाला."

तिच्या चपलांचा आवाज अंगणातून लांब गेला. मी बसले. चांगला अर्धा तास बसले. काम पाच मिनिटांचं होतं.