आमच्यात चालत नाही

अक्काइतकं कडक सोवळं चेन्नईत दुसऱ्या कुणी पाळलं नसेल, आणि तिनं पाळलेला एकही नियम आमच्या घरातला नव्हता. वाढदिवसाला वर्गातल्या मुली युनिफॉर्म सोडून रंगीत फ्रॉक घालून यायच्या, चॉकलेटं वाटायच्या. अक्काचा दिवस आला की ती शांतपणे सांगायची, “आमच्यात वाढदिवस करत नाहीत.” सहल? “आमच्यात मुली बाहेर राहत नाहीत.” कँटीनचं पफ? “बाहेरचं चालत नाही.”

ही माझी थोरली बहीण. आम्ही तंजावरकडचे मराठी. नुंगंबाक्कमच्या त्या भारी शाळेत आमच्याशिवाय मराठी कुणी नव्हतं, त्यामुळे मराठी लोकांच्या रीतीभाती अक्का सांगेल त्या. अप्पा जॉर्ज टाउनमध्ये कागदाच्या घाऊक दुकानात कारकून. आमची अर्धी फी त्यांचे मालक भरायचे, उरलेल्या अर्ध्यात अप्पांचा जीव मेटाकुटीला यायचा. चॉकलेटं कुठून आणणार? “गरीब म्हटलं की लोक कीव करतात ग,” अक्का मला म्हणायची, “सोवळं म्हटलं की वाटेला जात नाहीत.” वर्गात पहिली यायची, वर ही हुशारी. मला तिचं फार कौतुक होतं.

ती आठवीत असताना वर्गात पुण्याची एक मुलगी आली. तिचे वडील श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. दोघी मराठी म्हणून बाईंनी हौसेनं त्यांना एका बाकावर बसवलं. पोरगी गोड होती, तिच्या मनात काही नव्हतं. अक्काच्या वाढदिवशी ती सगळ्यांसमोर म्हणाली, “असं कुठं असतं? आम्हीही मराठीच. आमच्यात तर केक कापतात.” कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर परवडलं असतं. सगळ्या अक्काच्या विटलेल्या कॉलरकडे बघत राहिल्या, आणि एकीनं आपलं चॉकलेट तिच्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेची वेळ झाली की अक्काचं पोट दुखायला लागलं. उलट्या व्हायच्या, घाम फुटायचा. डॉक्टरांना काही सापडेना. शाळा बुडत गेली, नंबर घसरला. काय झालं ते तिनं फक्त मला सांगितलं आणि शपथ घातली. “अप्पांना कळलं तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल.” अप्पांना ती म्हणाली, “मला झेपत नाही. डोकंच नाही मला.”

अप्पा आम्हा दोघींना घेऊन मालकांकडे गेले. हात जोडून म्हणाले, “माफ करा. थोरली हुशार नाही. तुमचे पैसे वाया गेले.” अक्का शेजारी उभी राहून मान हलवत होती. मालक भला माणूस. “मग धाकटीची पूर्ण भरू,” म्हणाले. मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

अक्का महापालिकेच्या शाळेत कशीबशी दहावी झाली. आता ती एका साड्यांच्या दुकानात बिलं करते. तिच्या वाटणीच्या फीवर मी इंजिनिअर झाले, आणि याची लाज पगारवाढीबरोबर वाढतच गेली. अप्पा आता नाहीत, म्हणजे त्या शपथेची गरज उरलेली नाही.

परवा माझ्या मुलीनं अक्काला गणित विचारलं. “आईला विचार. मला डोकं नव्हतंच कधी,” अक्का म्हणाली. मला राहवलं नाही. स्वयंपाकघरात गाठून मी तिला म्हटलं, “अक्का, तू वर्गात पहिली यायचीस.”

ती खरोखर आठवू पाहत होती. मग माझ्या गालाला हात लावून म्हणाली, “लहान होतीस ग तू. तुला तसं वाटायचं.”