अन्यथाच्या पुढचं पान

आमच्या थोरल्या वहिनींना घरात सगळे वहिनी म्हणतात, पण कचेरीत त्यांचं नाव अन्यथाबाई. थकलेल्या कर्जांची वसुली करणाऱ्या एका वकीलसाहेबांकडे त्या एकतीस वर्षं टायपिस्ट आहेत. प्रत्येक नोटिशीचा शेवट ठरलेला: 'अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.' हे वाक्य त्यांच्या बोटांना इतकं पाठ झालंय, की ती डोक्याला विचारतसुद्धा नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनीच टाइप केली होती. 'सर्वांनी सहकुटुंब यावे, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.' आम्हाला कळलं तेव्हा निम्म्या वाटून झाल्या होत्या. लग्नाला एकही माणूस गैरहजर नव्हता. व्याह्यांचे तापाने फणफणलेले काका चादर गुंडाळून आले.

गेल्या वर्षी कायदा बदलला. वकीलसाहेबांनी नवे नियम दोनदा वाचले आणि चष्मा काढून पुसला, जणू दोष काचांचा होता. नोटिशीत धमकी नको, धमकीचा वासही नको. उलट कर्जदाराला त्याचे हक्क नोटिशीतच सांगायचे: तीस दिवसांत कोर्टात अर्ज केलात तर परवडतील असे हप्ते बांधून मिळतील, पोटापाण्याच्या साधनाला कुणी हात लावणार नाही आणि धमकी आलीच तर तक्रार करता येईल.

"म्हणजे बाई, आपणच समोरच्याला सांगायचं, की बाबा रे, आमच्यापासून सुटायचं तर हे दार, ही कडी, आणि जाताना बोट चेमटून घेऊ नकोस!"

"आणि 'अन्यथा'?"

"वारलं. एक जरी सापडलं, तरी माझी सनद धोक्यात."

वहिनी दोन दिवस घरात जवळचं कुणी गेल्यासारख्या वावरल्या.

मग एके दिवशी दुपारी कचेरीत एक चष्मेवाला आला. काचा घासायचं यंत्र त्याने हप्त्यांवर घेतलं होतं आणि हप्ते तुंबले होते. हातात नव्या पद्धतीची नोटीस, उघडून-मिटून कापडासारखी मऊ झालेली.

"दुसरं पान द्या," तो म्हणाला.

"कसलं दुसरं पान?"

"ह्याचंच. पाकिटातून पडलं असेल. महिनाभर शोधतोय. पोस्टमनची पिशवी उलटी केली, बायकोनं गादी उसवली."

वहिनींनी कागद घेतला. वरचा मजकूर अगदी नियमाप्रमाणे, लोण्यासारखा मऊ. आणि तळाशी एकटाच शब्द, पूर्णविरामासकट: 'अन्यथा.' बोटांनी सवयीने सुरुवात केली होती. डोकं उशिरा जागं झालं, हात थांबले. पण उमटलेला शब्द पुसायचा राहिला.

"अन्यथा काय, बाई? मी भिंगाखाली धरलं, उन्हात धरलं. मेहुणा म्हणतो तुरुंग. त्याला तेवढंच सुचतं, पण मला झोप लागेना."

एकतीस वर्षांत हा प्रश्न वहिनींना कुणी विचारला नव्हता. नोटीस मिळालेला माणूसही त्यांनी कधी पाहिला नव्हता; त्यांच्या लेखी तो नुसता 'आपण' होता. हा 'आपण' बुटका निघाला, दाढी वाढलेला, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेला.

"वरचं वाचलंत ना? अर्जाचं?"

"खाली अन्यथा दिसल्यावर वरचं कोण वाचतंय!"

वहिनींनी तारीख मोजली. तिसावा दिवस आजच. कोर्टाची खिडकी पाचला बंद होणार, उद्या यंत्र उचलायला माणसं निघणार. त्यांना पत्ताही वहिनींनीच टाइप करून दिला होता.

"भाऊजी," त्या मला नंतर म्हणाल्या, "डोकं बंदच पडलं. बोटं तेवढी चालत होती."

त्यांनी चष्मेवाल्याला शेजारी बसवलं आणि त्याचा अर्ज टाइप करायला घेतला. '...तरी यंत्र माझ्याकडेच राहू द्यावे, अन्यथा' इथवर बोटं धावली आणि अडली.

"अन्यथा काय?" आता वहिनींनी विचारलं.

"अन्यथा मी काचा काय जिभेनं घासू?"

तेवढ्यात साहेब जेवून आले. "काय चाललंय?"

"अर्ज."

"कुणाविरुद्ध?"

"आपल्या."

साहेबांच्या दातांतली काडी खाली पडली. "आपल्याच कागदावर?"

"पगारातून कापा," म्हणत वहिनींनी नोटीस पुढे केली. साहेबांनी तळाचा शब्द वाचला आणि ते भिंतीला टेकले.

"साहेब, दुसरं पान तुमच्याकडे आहे का?" चष्मेवाल्याने आशेने विचारलं.

"नव्हतंच हो दुसरं पान."

"म्हणजे पुढे काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं."

चष्मेवाल्याने बटणं सोडून नीट लावायला सुरुवात केली. साहेबांनी मुकाट्याने अर्जाच्या प्रतीवर 'मिळाली' असा शिक्का मारला आणि म्हणाले, "आता पळा." पुढे चष्मेवाला, मागे दम लागलेल्या वहिनी. खिडकी बंद व्हायला सात मिनिटं असताना अर्ज आत गेला. यंत्र वाचलं.

आठवड्याने चष्मेवाल्याने त्या 'अन्यथा'बद्दल वर रीतसर तक्रार केली. वरचा मजकूर त्याने आता नीट वाचला होता. "बाई, उपकार वेगळे आणि ते तीस दिवस वेगळे," असं वहिनींना स्वतः येऊन सांगून गेला. खुलासाही त्यांनाच टाइप करावा लागला, एकेक अक्षर बघून.

सनद वाचली. वरून फक्त ताकीद आली, वहिनींच्या नावानिशी. तो कागद त्यांनी घरी आणून माझ्यापुढे धरला. उघडून-मिटून तोही कापडासारखा मऊ झाला होता.

'पुन्हा अशी चूक होऊ नये, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.'

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे वाचताना असं होतं होय?"