चार्जिंग राखून ठेवलेला फोन

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या टीव्हीवर मालिका चालू होती. नायिका संकटात सापडली आणि नेमका तिचा फोन बंद पडला. शेजारच्या बाई हसल्या, "यांचे फोन बरे वेळेवर बंद पडतात!" एरवी मीही हसलो असतो. गोष्ट अडवायची असली की लेखक फोन बंद पाडतो, एवढं वाचून वाचून मलाही कळलं आहे.

पण मी तेव्हा गावी आईला विसाव्यांदा फोन लावत होतो. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, उद्याचं ऑपरेशन अचानक आजच ठरलं होतं आणि आत जाण्याआधी त्यांना तिच्याशी बोलायचं होतं. माझ्या पहिल्या पगारातून घेतलेला फोन आई बंद करून डब्यात ठेवते. "तुझा फोन यायचा आणि चार्जिंगच नसायचं, मग रे?" आमच्या घरातली पहिली पदवी माझी, पण आईला एवढं समजावणं मला जमलं नाही. गोष्टीत लेखकाला दोष देता येतो. इथे कुणाला देऊ?

स्ट्रेचर हललं. "लागला का रे?" अण्णांनी विचारलं.

कानात 'फोन बंद आहे' ऐकू येत होतं. "लागला. आई म्हणते, घाबरू नका," मी म्हणालो.

अण्णांनी फोन घ्यायला हात पुढे केला.